दोन देशांत वाजेल असा फोन

मानेअण्णा फोन उचलत नाहीत. फोन करणाऱ्याला ते भेटायला जातात.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, अकरा वर्षांच्या अनुभवावरून लिहितो. सानपाड्याला आमच्या समोरचं दार त्यांचं. त्यांना फोन लावला की तो दोन-तीनदा वाजतो, गप्प होतो आणि मिनिटाभरात आपल्या दाराची बेल वाजते. दारात अण्णा उभे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, हातात बटणांचा जुना फोन.

"बोला."

आपण सांगावं, अण्णा, तुमच्या मोरीचं पाणी खाली गळतंय, एवढंच कळवायचं होतं.

"मंग आलोय की," असं म्हणून ते आत येऊन बसतात. बसतात म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकतात आणि तीन मिनिटांत उठून येरझाऱ्या घालू लागतात. त्यांना एका जागी बसलेलं मी फक्त रिक्षात पाहिलंय, आणि तिथेही त्यांचा एक पाय बाहेर असतो.

एकदा त्यांना कुठल्याशा बँकेतून क्रेडिट कार्डासाठी लागोपाठ तीन फोन आले. अण्णांनी सोसायटीच्या सेक्रेटरीकडून तो नंबर कोणाचा ते शोधून काढलं आणि वाशीच्या शाखेत चालत गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "फोन आल्ता. कार्ड नको." आणि चालत परत आले. जाऊन-येऊन एक तास बारा मिनिटं. ही वेळ माझ्याकडे लिहिलेली आहे, कारण सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची वही मी ठेवतो आणि त्या दिवशी दुपारी पंपाची साफसफाई असल्यामुळे ते बाहेर पडताना आणि परत येताना मी पंपाजवळच होतो. पंप रोज सकाळी सहा दहाला सुरू, सहा पन्नासला बंद. नऊ वर्षांत एक मिनिट इकडे-तिकडे झालेलं नव्हतं. वीज नसेल ते दिवस वेगळे, त्यांचा रकाना वेगळा आहे.

अण्णांचा माझ्यावर जीव बसला तो या वहीमुळेच. ते सातारकडचे, कोरेगाव तालुक्यातले. सगळी नोकरी कांदा-बटाटा मार्केटात मापाडी म्हणून केली. मापाडी म्हणजे काट्यावर माल तोलून वजन पुकारणारा माणूस. विकणाऱ्याचा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, फक्त काट्याचा. त्या गोंगाटात फोनवर काही ऐकू यायचं नाही. मिस्ड कॉल आला की समजायचं, कोणीतरी काट्यापाशी बोलावतंय. तीच सवय राहिली, असं ते सांगत. कारण पटण्यासारखं होतं, म्हणून मी दुसरं कारण शोधलं नाही. तिथे मी चुकलो.

तोलायची सवय मात्र हाताला चिकटून राहिली. काहीही दिलं तरी अण्णा आधी तळहातावर घेऊन वर-खाली करतात. आमच्या मुलीच्या बारशाचा फोटो दाखवला तर अल्बमच तोलला. "नऊशे गराम," म्हणाले. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला, तर नऊशे दहा. ते म्हणाले, "दहा गराम झुकतं धरा." झुकतं धरा हे त्यांचं पालुपद. काटा नेमका मधोमध थांबला तर माप पुरं झालं, पण थोडा पुढे झुकला तर माणूस समाधानाने जातो, असा त्यांचा हिशेब. मला झुकतं चालत नाही. या एका मुद्द्यावर आमचे अकरा वर्षं मतभेद आहेत.

तर असा फोन न उचलणारा माणूस गेल्या वर्षी दोन देशांत चालणारा फोन शोधायला निघाला.

अण्णांचा मुलगा महेश कॅनडात असतो. आई गेल्यापासून तो वडिलांच्या मागे लागला होता. अखेर कागदपत्रं झाली, तिकीट निघालं. निघायला तेवीस दिवस होते. अण्णा कुरकुर करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एकच अट घातली. हाच नंबर, इथं वाजतो तसाच तिथं वाजला पायजे.

महेश माझ्याच फोनवर बोलायचा, कारण वडील उचलत नाहीत हे त्यालाही माहीत. तो म्हणाला, "काका, त्यांना सांगा, इथे आले की मी नवा फोन, नवा नंबर घेऊन देतो. इकडचे काही फोन तिकडचं सिम घेतच नाहीत, उगाच घोळ नको." मी निरोप दिला. अण्णा खिडकीशी जाऊन परत आले.

"नवा नंबर नको. ह्योच."

"पण अण्णा, तुम्ही उचलतच नाही. मग तो चालू राहिला काय आणि बंद झाला काय?"

"वाजाया पायजे," ते म्हणाले. "उचलायचं काय त्यात?"

पुढच्या सतरा दिवसांत आम्ही अकरा दुकानं केली. मी एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो, त्यामुळे माल घेण्याआधी तक्ता करायची मला सवय आहे. मी रकाने आखले. सिमच्या जागा दोन आहेत का, तिकडच्या कंपन्यांच्या लहरी फोन पकडतो का, फोन कुठल्या एकाच कंपनीला बांधलेला नाही ना, आणि घरच्या वायफायवरून इथला नंबर वाजेल का. अण्णांचे रकाने दोनच. वजन आणि थरथर.

दुकानात ते फोन हातात घेऊन डोळे मिटत. वजन सांगत. मग म्हणत, "वाजवा. आवाज नको, नुसता थरथरवा." विक्रेता बिचारा कॅमेऱ्याबद्दल बोलत असायचा. वाशीतल्या एकाने कॅमेऱ्याची स्तुती पाच मिनिटं केल्यावर अण्णांनी विचारलं, "ह्यो काडला तर किती हलका व्हईल?" मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी तक्त्यात बघायला लागलो.

आठव्या दिवशी त्यांनी मला उलव्याला नेलं. तर्क असा की विमानतळाच्या शेजारचा दुकानदार परदेशाचं जाणत असणार. त्या दुकानात मुख्यतः फोनची कव्हरं होती. मालक म्हणाला, इथून विमानं दिसतात, पण त्यातलं कोणी उतरून माझ्याकडे रिचार्जला आलेलं नाही. तिथून अण्णांनी रिक्षा जासईकडे वळवायला लावली. मार्केटातला त्यांचा एक जुना सोबती तिकडचा, आता कंटेनर यार्डात कामाला. बोटीवरच्या लोकांशी त्याची ओळख. तो गेटबाहेर आला, अण्णांच्या खांद्यावर हात टाकला आणि एकाही दुकानात कोणी सांगितलं नाही ते एका वाक्यात सांगितलं.

"फोन कंचाबी चालंल, आन्ना. शिम जित्ती ठेवाची, बास."

सिम जिवंत ठेवायचं कसं, यावर मात्र मी कंपनीच्या ग्राहक सेवेला चार वेळा फोन केला आणि पाच उत्तरं मिळाली. एकाने बोलता बोलता मत बदललं. शेवटी बहुमताने ठरलं की परदेशी वापराची सोय चालू ठेवायची आणि घरात वायफायवर फोन ठेवायचा, म्हणजे इथला नंबर तिथे वाजतो. मी हे अण्णांना समजावलं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"आपल्या सकाळच्या सहा दहाला तितं किती वाजत्यात?"

"आदल्या संध्याकाळचे आठ चाळीस. थंडीत सात चाळीस. ते लोक वर्षातून दोनदा घड्याळं फिरवतात."

अण्णा चालता चालता थांबले. हे क्वचित घडतं. "काट्याचं शून्यच हालवत्यात?"

"तसंच काहीसं."

"आन लोक गप बसत्यात?" त्यांना त्या देशाबद्दल पहिल्यांदा काळजी वाटली असावी.

सहा दहाच का, हे मी विचारलं नाही. ती माझ्या पंपाची वेळ, म्हणून त्यांच्या डोक्यात असेल असं धरलं.

फोन ठरला तो एकशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅमचा. अण्णांनी एकशे नव्वद सांगितला होता. आता एकच काम उरलं. जुन्या फोनमधलं सिम मोठं, नव्याची खाच बारीक. स्टेशनबाहेरच्या टपरीवाल्याने ते कापून देतो म्हटल्यावर अण्णांनी सिम मुठीत घट्ट धरलं. कापलेल्या मालाचं माप कमी भरतं, यावर ते ठाम होते. मग आम्ही कंपनीच्या दुकानात गेलो. संध्याकाळचे पाच. तिथल्या माणसाने सांगितलं, नवं सिम चालू व्हायला साधारण चार तास लागतील.

"सकाळपातुर व्हईल न्हवं?" अण्णांनी मला विचारलं.

"पाच आणि चार नऊ. रात्री नऊला चालू. सकाळपर्यंत नऊ तास हातात आहेत."

त्यांनी हे तीनदा विचारलं आणि मी तीनदा तोच हिशेब सांगितला. तिसऱ्यांदा म्हणालो, "माझी जबाबदारी." दुकानातल्या माणसाने नियमाप्रमाणे जुनं सिम कात्रीने कापून डब्यात टाकलं.

नऊला नवं सिम चालू झालं नाही.

सकाळी सहा दहाला मी पंप लावायला खाली आलो, तर अण्णा टाकीपाशी उभे. नवा फोन तळहातावर धरलेला, त्याच्यावर नेटवर्कची एकही रेघ नाही. सहा वाजून बारा मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली.

"आक्का फोन करून दमली आसंल," ते म्हणाले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. मूलबाळ नाही, नवरा कधीच गेला, गावातल्या घरात एकटी राहते. वीस वर्षांपासून ऐकू अजिबात येत नाही आणि वाचता तर कधीच येत नव्हतं. तिला सानपाड्याला आणायचा प्रयत्न अण्णांनी केला होता, ती आली नाही. मग त्यांनी तिला एक बटणांचा फोन घेऊन दिला आणि एकच गोष्ट शिकवली. सकाळी सहा दहाला दोनचं बटण दाबून धरायचं. इथे अण्णांचा फोन थरथरायचा. म्हणजे आक्का उठली, बरी आहे. अण्णा लगेच त्यांच्या फोनवरचं दोनचं बटण दाबायचे. तिथे तिच्या हातात फोन थरथरायचा. म्हणजे अण्णा उठला, बरा आहे. कोणी उचलायचं नाही. उचलून करायचं काय, तिला ऐकू येत नाही. सोळा वर्षं, एक दिवस न चुकता.

म्हणून ते कोणाचाच फोन उचलत नव्हते. कोणाशी बोलत बसलो आणि तेवढ्यात तिचा आला तर, ही धास्ती सहा दहाची असली तरी सवय दिवसभराची झाली होती.

मी माझा फोन पुढे केला. "ह्याच्यावरून द्या ना एक मिस्ड कॉल. तिला कुठे नंबर वाचता येतो? थरथरला की झालं. नंबर सांगा."

"दोन," अण्णा म्हणाले.

"पूर्ण नंबर."

"दोनच. मी दोनच दाबत आलोय, सायेब."

सगळी नोकरी क्विंटलचे आकडे तोंडपाठ ठेवणाऱ्या माणसाला बहिणीचा नंबर ठाऊक नव्हता. तो सिमवर होता आणि सिम कापून डब्यात गेलं होतं. जुना फोन सुरू करून पाहिला, सिम घाला एवढंच तो सांगत राहिला. गावातल्या बाकीच्यांचे नंबरही त्याच सिमवर. महेशकडे आत्याचा नंबर नव्हता. पंपाच्या किती मिनिटांत टाकीचं किती बोट पाणी वाढतं हे लिहिणाऱ्या मला दहा आकडे कागदावर उतरवून घ्यायचं सुचलं नव्हतं.

ती सकाळ कशी गेली ते मी मोजलं नाही. अण्णा जिन्याने चार मजले खाली जात, गेटपर्यंत जाऊन वर येत. आमच्या हिने त्यांना तीनदा चहा दिला आणि तिन्ही कप जिन्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर सापडले. बारा चाळीसला नव्या फोनवर रेघा उमटल्या. पण आता फोन जिवंत असून उपयोग नव्हता. तिने दोन दाबलं तरच इकडे वाजणार, आणि ते वाजेना. अण्णा दोन वाजेपर्यंत थांबले, मग पिशवीत एक सदरा टाकला.

"गावाला जातो. तिला काय झालं आसंल तर?"

"आणि परवाचं विमान?"

अण्णांनी चपला पायात सारल्या. मी सोबत निघालो. जबाबदारी माझी, असं मी म्हटलं होतं.

गेटसमोर एक रिक्षा येऊन थांबली. अण्णा वाकून ड्रायव्हरला हायवे म्हणतच होते, तेवढ्यात तो वैतागून म्हणाला, "अहो, आधी ह्यांचं बघा. आजींना लग्नाला सोडायचंय, पण ह्या पत्रिकेवर हॉल वेगळा आणि घर वेगळं. मी म्हणतो, आजी, लग्न होऊन सात वर्षं झाली, तर ऐकतच नाहीत."

मागच्या सीटवर नऊवारी नेसलेली, काटकुळी म्हातारी बसली होती. हातात महेशच्या लग्नाची पत्रिका. गावातल्या कोणीतरी तिला साताऱ्याच्या एसटीत बसवलं होतं, आणि पुढे ती ही पत्रिका दाखवत दाखवत सानपाड्यापर्यंत आली होती. तिने अण्णांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग उतरली, त्यांचं मनगट धरलं आणि हातातली पिशवी त्यांच्या हातात दिली.

"घेवडा हाय," ती मोठ्या आवाजात म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "म्हटलं, जित्ता आसशील तर खाशील."

अण्णांनी पिशवी तळहातावर वर-खाली केली, पण वजन सांगितलं नाही.

वर आल्यावर मला दुसरी गोष्ट कळली. अण्णांच्या बैठकीच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि वरच्या हुकाला टांगता काटा अडकवलेला होता. आक्का दारातच थांबली. एक बॅग, दुसरी बॅग, गरम कोट, मग भाऊ, असं तिने क्रमाने पाहिलं.

"कुटं निघालास?"

अण्णांनी तिला सांगितलंच नव्हतं. फोन दोन देशांत हवा होता तो एवढ्यासाठीच. सहा दहाला तिने दोन दाबावं, तिच्या हातात फोन थरथरावा आणि भाऊ सानपाड्यात नाही हे तिला कधीच कळू नये. यासाठी आम्ही अकरा दुकानं फिरलो होतो आणि मला माझ्या तक्त्यात तो रकाना दिसला नव्हता.

अण्णांनी हाताचं विमान करून दाखवलं. ते वर गेलेलं पाहून आक्काचा चेहरा क्षणभर उतरला, म्हणून त्यांनी घाईघाईने ते पलीकडे उतरवूनही दाखवलं.

"म्हेशाकडं?"

अण्णांनी मान हलवली.

"मंग म्हनून फोन बंद ठिवला व्हय. मला कळू न्हाई म्हनून."

अण्णा येरझाऱ्या घालायचे थांबले होते. मांडी घालून, खरंच, जमिनीवर बसले होते. आक्काने कनवटीची चंची सोडली, त्यातून फोन काढला आणि अंगठा दोनवर ठेवला. अण्णांच्या खिशात नवा फोन थरथरला. त्यांनी खिशावर हात दाबून धरला आणि तो थांबेपर्यंत काढला नाही. मी दोघांचे नंबर तेवढ्यात पंपाच्या वहीत लिहून घेतले.

मग आक्का उठली आणि घेवड्याची पिशवी मोठ्या बॅगेत, कोटाच्या घडीत सारली. ती बॅग मी आदल्या दिवशी स्वतः भरली होती. विमानाला तेवीस किलो चालतात आणि ती बरोबर तेवीस होती. मी पुन्हा काट्याला लावली. तेवीस किलो आठशे. मी म्हणालो, अण्णा, आठशे ग्रॅम जास्त आहे, काहीतरी काढावं लागेल.

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "झुकतं धरा."

मी काही काढलं नाही. विमानतळावर महेशचे चिवड्याचे तीन पुडे बाहेर निघाले असं नंतर कळलं. घेवडा गेला.

याला आता आठ महिने झाले. समोरच्या दाराला कुलूप आहे. आक्का तिच्या गावी आहे आणि सकाळी सहा दहाला दोनचं बटण दाबते. अण्णा तिकडे संध्याकाळी तिला परत दाबतात, आणि मग एक मिस्ड कॉल मला देतात, म्हणजे मला कळतं की दोन्हीकडे ठीक आहे. हे त्यांनी सांगितलं नव्हतं, मी मागितलं होतं. माझा फोन सहा बाराच्या सुमारास थरथरतो. मी उचलत नाही.

तोपर्यंत पंपाच्या बटणाला हात लावणं माझ्याच्याने होत नाही. तिकडे घड्याळं फिरली त्या आठवड्यात तो सहा अठराला आला, आणि ती आठ मिनिटं मी टाकीभोवती चालत होतो. गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली की हल्ली पाणी तीन-चार मिनिटं उशिरा येतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वही माझ्यासमोर होती, त्यात प्रत्येक दिवसाची वेळ खरी लिहिलेली होती, आणि कारणाचा रकाना कोरा होता.

मी म्हणालो, थोडं झुकतं धरा.